काठी की वॉकर?

आजी घरात एकदा पडल्या की मुलं लगेच वॉकर आणतात. आधी त्यांची चाल बघा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून चला.

एकच गुडघा दुखतोय आणि तोल ठीक आहे, तर काठी पुरे. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, मग त्या पायावरचा भार हलका होत नाही. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

दोन्ही पाय अशक्त असतील किंवा उभं राहताच झोक जात असेल, तर मात्र वॉकरच. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. जिन्यावर तो निरुपयोगी. खरी अडचण बाथरूमच्या दारात येते: दार अरुंद, त्यात उंबरा. मग वॉकर बाहेर ठेवून माणूस भिंतीला धरत आत जातो आणि ओल्या लादीवर घसरतो. म्हणून विकत घेण्याआधी दार मोजा आणि आत भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही.

उंची दोन्हींची एकाच रीतीने ठरते: चपला घालून, हात सैल सोडून ताठ उभं राहिल्यावर काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आजोबांची जुनी काठी आजींना सहसा उंच होते. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की त्याच दिवशी बदला.