हजाराच्या आतली रेड वाइन, आणि ओट्यावर राहिलेली एक बाटली

आमची भिशी २०१९ पासूनची. सहा जणी, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. आधी जिची चिठ्ठी निघायची ती ३००० रुपये घेऊन जायची आणि त्याचं पुढे काय झालं हे तिलाही आठवायचं नाही. कुणाचे मिक्सरच्या दुरुस्तीत गेले, कुणाचे पोराच्या क्लासच्या फीत जिरले. मग एकदा आमच्यातल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "अगं, मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना गंगापूर धरणाकडे वाइन प्यायला घेऊन जातो. ते आत चव घेतात नि आपण फोटो काढून देतो. नाशकात राहून आपल्याला शिराझ नि कॅबर्ने या वाइनच्या द्राक्षांतला फरक कळत नाही, लाज वाटत नाही का?"

लाज वाटली. तेव्हापासून भिशी रोख मिळत नाही. जिची पाळी तिने ३००० मध्ये रेड वाइनच्या तीन बाटल्या आणायच्या, एकही हजाराच्या वर नको, आणि स्वयंपाक तिचा. व्हाइट चालत नाही असं नाही, पण ती आम्ही पावसाळ्यात घेतो. का, ते विचारू नका, ठरलंय.

एप्रिलची पाळी माझी होती. मी आणलेल्या तीन: सुलाची शिराझ कॅबर्ने, फ्रातेल्लीची सांजोवेझे आणि ग्रोव्हर झाम्पाची आर्ट कलेक्शनमधली कॅबर्ने शिराझ. तिन्ही मिळून तीन हजारांत बसल्या, थोडे सुटेही परत आले. भाव वर्षागणिक हलतात, त्यामुळे आकडे लिहीत नाही.

आधी दुकानाबद्दल, कारण अर्धी चव तिथेच ठरते. महाराष्ट्रात पाटी "वाइन शॉप"ची असते आणि आत शोधून सापडत नाही ती वाइनच. व्हिस्की समोर, बिअर फ्रीजमध्ये आणि वाइनच्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, छताच्या पत्र्याशी गप्पा मारत. मागे एकदा शहरातल्या एका दुकानातून मी अशीच एक बाटली आणली होती. काचेचं कपाट पश्चिमेला तोंड करून, दुपारभर ऊन थेट लेबलवर. घरी आणून बघते तर बूच तोंडातून जरासं वर आलेलं. ओतली तर रंग विटकरी, आणि वास मोरांब्याचा पाक लागल्यासारखा. परत घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वाइन जितकी जुनी तितकी भारी." हे वाक्य मी किती दुकानांतून ऐकलंय ते मोजलेलं नाही. या किमतीतली रेड जपून ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते. ती दोन-तीन वर्षांत प्यायची, ताजी असतानाच तिची मजा. आता मी बाटली हातात घेतली की आधी मागचं लेबल वाचते, वर्ष बघते, बूच असेल तर वरून बोट फिरवून ते पातळीत आहे ना ते पाहते, आणि खालच्या फळीवरची मागते. दुकानदार समजतो साहेबांनी सांगून पाठवलंय.

माझे बाबा दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले. थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची बाग. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मणी लांब व्हावेत म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं, हे सगळं मी शाळेत असल्यापासून बघत आलेय. शेजारच्या बांधावर एकाने वाइनची द्राक्षं लावली तेव्हा बाबांनी एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. छोटासा, काळा, साल जाड, आत बिया, गर नावाला. "हे काय खायचंय?" खायचं नव्हतंच. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सगळा त्या सालीतून आणि बियांतून येतो; रस तर काळ्या द्राक्षाचाही जवळजवळ पांढराच असतो. थॉमसन १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढला तरी बाजारात गोड ठरतो, वाइनच्या द्राक्षाला २२-२४ पर्यंत वेलीवर थांबवतात, कारण त्याच साखरेचं पुढे अल्कोहोल होतं. बाबांच्या खिशात ही साखर मोजायचा, दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर असायचा. काचेवर रसाचा एक थेंब, डोळा मिटून उजेडाकडे धरायचा. वाइनची चव घेताना मला अजून तेच आठवतं.

आता भिशीची संध्याकाळ. चव डोळे झाकून घ्यायची हा आमचा नियम, म्हणजे लेबल झाकून. ओतण्याचं काम गणिताच्या बाईंचे यजमान करतात, आमचे भाऊजी. भाऊजी माळकरी. दरवर्षी वारीला जातात, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस आम्हाला मिळणं शक्य नव्हतं. "मी नुसता ओतणार, वासही घेणार नाही," असं म्हणून ते बाटलीपासून मान एक हात लांब ठेवून ओततात, आणि नंतर सगळ्यांना गाडीतून घरी सोडतात.

या वेळी मी भाऊजींना हाताशी धरून एक कट केला. बाटल्या तीन, पण प्रत्येकीपुढे पेले चार. सुलाची शिराझ कॅबर्ने मी दुपारीच उघडली (आट्यांचं झाकण, त्यामुळे बूच काढायची झटापट नाही), पाऊण बाटलीहून थोडी कमी फ्रीजमध्ये परत ठेवली आणि बाकीची एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ओट्यावर राहू दिली. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं, संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात ३३. फ्रीजमधल्या तिन्ही बाटल्या ओतायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढल्या. ओट्यावरची जशी होती तशी.

मेनरोडवरून आणलेले साधे काचेचे पेले, प्रत्येकीला दोन घोट. अडीच मिनिटं कुणी बोललं नाही, हा आमच्या भिशीतला विक्रम असावा.

दुसऱ्या पेल्यावर सगळ्या तुटून पडल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कफ सिरप आहे, नाकात झोंबतंय." माझ्या जाऊबाईंनी एक घोट घेऊन पेला सरळ बाजूला सरकवला, "गोडूस लागतंय आणि वर जळजळ." चौथ्या पेल्याला मात्र चौघींनी पहिला नंबर दिला. जांभूळ, मिरी, शेवटी जिभेवर हलकासा तोठरा. गणिताच्या बाईंनी वहीत दहापैकी आकडे लिहिले: दुसऱ्याला तीन, चौथ्याला साडेसात. रंग सारखा आहे हे फक्त डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, पण तोवर आकडे पेनने लिहून झाले होते.

दुसरा आणि चौथा पेला एकाच बाटलीतले. मला कट माहीत होता, पण कुठल्या क्रमांकाला काय ओतलं ते नव्हतं, आणि मीही दुसऱ्याला चारच दिले.

रेड वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यावी हे आपण सगळ्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. ती रूम युरोपातली, थंडीतली, दगडी भिंतींची. १६-१८ अंश. आमच्या नाशिकच्या एप्रिलात त्या रूमला फ्रीज म्हणतात. वाइन गरम झाली की अल्कोहोल आधी नाकात घुसतं आणि फळाचा वास मागे राहतो. उलट एकदम गारठवली तर तुरटपणा तेवढा उरतो, काथ चावल्यासारखा. म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये असेल तर वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा, आणि बाहेर असेल तर अर्धा-पाऊण तास आत ठेवा. कुणी तज्ज्ञ हसला तर हसू दे.

सुलाच्या बाटलीबद्दल म्हणून एवढंच, की ती जवळजवळ कुठेही मिळते आणि त्यामुळेच तिला आपण कमी लेखतो. राजीव सामंतांनी नाशकात सुला काढली, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. तेव्हा आमच्या घरी वाइन म्हणजे फ्रूटकेकमध्ये घालतात ते काहीतरी, एवढंच ज्ञान होतं. आता हीच बाटली मी नवख्या माणसाला पहिली म्हणून देईन. काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाबरोबर तर ती खुलतेच. मटणाची चरबी जिभेवर असली की तुरटपणा मऊ होतो, आणि शिराझची मिरी मसाल्यातल्या मिरीला ओळख देते. माझ्या मटणाची एक वाटी उरली नाही, ती वाइनमुळे की मटणामुळे यावर वाद आहे.

पहिला पेला सांजोवेझेचा निघाला. रंग फिकट, पेल्यातून पलीकडची बोटं दिसतात, म्हणून सगळ्यांनी तिला सुरुवातीला हलक्यात घेतलं. चव मात्र आंबटसर, स्वच्छ; करवंद पिकायच्या दोन दिवस आधीचं. हे द्राक्ष इटलीतल्या टस्कनीचं, तिथली कियांती नावाची वाइन मुख्यतः त्याचीच करतात. आणि बाटली कुठली? सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली कंपनी. मी लेबल वाचून दाखवत होते तेव्हा भाऊजी एकदम दारातून आत आले. "अकलूज? आमच्या तुकोबारायांच्या पालखीचं रिंगण असतं तिथं!" मग त्यांनी अश्व कसा धावतो, टाळकरी कसे फेर धरतात ते साग्रसंगीत सांगितलं, आणि हातातली बाटली पहिल्यांदाच जवळ घेऊन नीट पाहिली. वास मात्र घेतला नाही.

सांजोवेझेचं माझ्या मते खरं काम जेवणात आहे. नुसती पिताना ती चौघींना "ठीक" वाटली. मी वांग्याचं भरीत केलं होतं, गॅसवर भाजलेलं पण नीट करपवलेलं, वर टोमॅटो. आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीने भरीत-भाकरीबरोबर तिचा आणखी एक पेला मागितला तेव्हाच मला कळलं की सांजोवेझे हरली नाही. आंबट वाइनला आंबट पदार्थ सोसतो. टोमॅटोचं काहीही असेल तर मी आता हीच काढणार.

तिसरी, ग्रोव्हर झाम्पाची. नंदी हिल्सची ग्रोव्हर आणि आपल्या इगतपुरी भागातली झाम्पा २०१२ मध्ये एक झाल्या, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्राचा एक तरी वाद मिटला. लेबलवर चित्र असतं, त्यामुळे भेट द्यायला ही सगळ्यात देखणी. सुलाच्या बाटलीत शिराझचं नाव आधी, हिच्यात कॅबर्नेचं. हिचा तुरटपणा थोडा जास्त, बांधा भरीव. जाऊबाईंना ही सगळ्यात आवडली, आणि जाऊबाईंना कडू कॉफी आणि कारल्याची भाजी आवडते, त्यावरून काय ते समजा. हिला अर्धा तास उघडी ठेवून मग प्यावी. चीजच्या चौकोनी वड्या, भाजलेले शेंगदाणे, असं काहीतरी खारट बरोबर हवं.

कशाबरोबर पिऊ नये तेही सांगते. मागच्या वर्षी एकीने हौसेने मिसळ केली होती, तर्री वेगळ्या भांड्यात, नाशिकला साजेशी. रेडचा घोट आणि तर्रीचा घास एकत्र आल्यावर तोंडात जे झालं त्याला जाळपोळ म्हणतात. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तेल ओततात. त्या रात्री ताकाचा जग संपला आणि वाइनच्या अडीच बाटल्या उरल्या.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं सरकारने ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, तेव्हाही आमची भिशी होती. त्या दिवशी चव राहिली बाजूला, तीन विरुद्ध तीन असं भांडण झालं. गणिताच्या बाई विरोधात होत्या, त्यांच्याच हातात पेला होता, आणि त्यांचा मुद्दा बरोबर होता असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. ते विकणं पुढे काही सुरू झालं नाही. आम्ही पत्र्याखालच्या फळीकडे परत.

उरलेल्या वाइनचं काय करायचं, हे सगळ्या विचारतात. मोठ्या बाटलीत तळाशी ठेवली तर हवा लागून दुसऱ्या दिवशी आंबूस होते. छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस निघतात. या वेळी सांजोवेझे उरली होती साधारण पेलाभर. आमच्या सासूबाईंचं माहेर रत्नागिरीचं, फ्रीजच्या त्याच कप्प्यात त्यांची कोकमाच्या आगळाची बाटली असते, आणि दोन्हींचा रंग सारखा. शनिवारी सोलकढीचा बेत आहे. म्हणून मी माझ्या बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: आगळ नव्हे.