दीनबंधू गोबरगॅस : अकरा महिने वापरल्यावर

आमचं गाव करवीर तालुक्यात. घरी तीन म्हशी, एक गाय आणि खाणारी सात माणसं. गेल्या फाल्गुनात गोठ्यामागे दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस बांधून घेतला. आता माघ सुरू आहे. म्हणजे उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळ्यात त्याच्यावर स्वयंपाक करून झाला. गावातल्या बायका येऊन बघतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीत पूर्वी लोखंडी टोपीचे गोबरगॅस होते. टोपी गंजली, भोकं पडली आणि लोकांनी तो नादच सोडला. दीनबंधूत लोखंडाची टोपी नसते, सगळा घुमट विटांचा आणि जमिनीखाली असतो. हे मॉडेल 1984 मध्ये अॅफप्रो संस्थेने काढलं. आमच्याकडे बांधकाम बरं झालं. चुकलं ते पाइपमध्ये, ते पुढे सांगते.

पहिल्यांदा भरताना जवळपास दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागलं. चार जनावरांचं रोजचं शेण साधारण पन्नास किलो, मग दोन टन साठायचं कधी? भावकीतल्या गोठ्यांतून ट्रॉलीने आणलं. शेण ताजं हवं, उकिरड्यावर वाळलेलं चालत नाही. शेजारच्या वाडीतल्या चालू गोबरगॅसमधून चार पिंपं स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर येणारं पातळ शेण, विरजणासारखी टाकली. तरी वीस दिवस थांबावं लागलं. सुरुवातीचा गॅस पेटवायचा नसतो, त्यात हवा मिसळलेली असते. आम्ही दोन वेळा कॉक उघडून तो सोडून दिला. तिसऱ्या दिवशी निळी ज्योत आली आणि सासूबाईंनी पहिल्यांदा दूध उतू घातलं.

आता रोजचं काम. सकाळी धारा झाल्या की चार पाट्या शेण कुंडीत, तेवढंच पाणी, आणि हाताने कालवायचं. काठीने कालवलं तर गुठळ्या राहतात. आमची जनावरं उसाचं वाडं खातात. त्याच्या चिवट काड्या शेणात असतातच, त्या बोटांनी वेचून बाजूला टाकाव्या लागतात. श्रावणात मी आजारी होते, आठवडाभर कोणी काड्या काढल्या नाहीत. आत जाड साय धरली आणि गॅस निम्म्यावर आला. आउटलेटमधून लांब बांबू घालून दोन दिवस ढवळल्यावर सुटला. बायकांनी विचारलं की मी हेच आधी सांगते : कालवायला लागणारी वीस मिनिटं रोज द्यायची तयारी असेल तरच बांधा.

गॅस पुरतो का? उन्हाळ्यात उरतो. पावसाळ्यात पुरतो. मार्गशीर्ष-पौषात कमी पडतो, कारण थंडीत शेण कुजवणारे जिवाणू मंदावतात. तेव्हा आम्ही कालवायला कोमट पाणी घेतलं आणि घुमटावरच्या मातीवर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, थर दिला. थोडा फरक पडला. पूर्वी गॅसची एक टाकी पंचवीस दिवस जायची, या अकरा महिन्यांत तीनच आणल्या, त्यातल्या दोन थंडीत. आच सकाळी जोरात असते आणि वापरत गेलं की मंद होते. म्हणून मी भाकरी आधी करते, डाळ-भात नंतर. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. नेहमीच्या शेगडीची भोकं बारीक असतात, ज्योत नीट धरत नाही. आणि जळताना शेणाचा वास येत नाही, हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. धूर नसल्याने सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. एवढ्या एका गोष्टीसाठी सगळी मेहनत मला मान्य आहे.

पाइपची तक्रार मात्र मनापासून आहे. ज्याने पाइप टाकला त्याने गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत उतार धरलाच नाही. मधल्या खोलगट जागी गॅसमधलं पाणी साठायला लागलं. जुलैत शेगडी फुरफुरायची, ज्योत उडायची, आणि आम्ही दहा दिवस शेणाला दोष देत बसलो. शेवटी दिरांनी पाइप उकरला, खालच्या टोकाला पाणी काढायची तोटी बसवली. आता आठवड्यातून एकदा तोटी सोडली की वाटीभर पाणी निघतं. पैसे देण्यापूर्वी उतार आणि तोटी दोन्ही डोळ्यांनी बघा. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

दुसरी चूक घरातलीच. दिवाळीत गोठा फिनेलने धुतला आणि ते पाणी कुंडीत गेलं. बारा दिवस गॅस जेमतेम चहापुरता होता. आता गोठा धुण्याचं पाणी वेगळ्या चरीने जातं.

शौचालय जोडायचं की नाही यावर घरात वाद झाला. देहूच्या डॉ. मापुसकरांनी असे गोबरगॅस बांधून त्यासाठीच आयुष्य वेचलं, हे मला माहीत होतं. घरातल्या मोठ्यांच्या मनाला पटेना, म्हणून जोडलं नाही.

आता स्लरी. बांधला तो गॅससाठी, पण आज कोणी विचारलं की मी आधी स्लरी दाखवते. रोज जेवढं आत जातं तेवढं बाहेर येतं, जवळपास शंभर लिटर. बोटावर घेऊन बघा, रवाळ नाही, ताकाच्या निवळीखाली बसलेल्या गाळासारखी मऊ. वास नाहीच म्हटलं तरी चालेल. माश्या बसत नाहीत. कच्चं शेणखत टाकलं की त्यातून हुमणी नावाची अळी शेतात जायची, उसाची मुळं खाल्ली जायची. शिवाय शेणातून आलेलं गवताचं बी रुजायचं. स्लरी टाकलेल्या अर्ध्या एकरात यंदा खुरपणी एक कमी लागली. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट पेटवलं नाही. सरीत पसरलं, त्यावर स्लरी ओतली. चार महिन्यांत हाताने चुरगळावं असं झालं. एकरी एक पोतं युरिया कमी टाकला तरी पानाचा काळोखा उतरला नाही. ऊस अजून तुटलेला नाही, त्यामुळे टनेज किती आलं ते आज सांगत नाही.

परसातल्या मेथीवर मात्र घट्ट स्लरी तशीच ओतली आणि पानं पिवळी पडली. कोवळ्या रोपांना तिप्पट पाणी मिसळूनच द्या.

आमच्याकडे शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापायचं काम बायकांचंच. पंचगंगेच्या स्मशानाला होळीत शेणी देण्याची रीत आहे, त्यासाठी रविवारचं शेण आम्ही बाजूला ठेवतो. तो एक दिवस गोबरगॅसला कमी खाऊ घातला तर चालतं, सलग चार दिवस चालत नाही.

एकच जनावर असेल किंवा पाणी लांबून आणावं लागत असेल, तर मी बांधा म्हणणार नाही. तीन-चार जनावरं दावणीला आणि पाणी दारात असेल तर नक्की बांधा, पण सोबत स्लरीचे दोन खड्डे काढाच. आम्ही एकच काढला. तो भरला की बादल्यांनी स्लरी उसापर्यंत नेतो, आणि हे ओझं माझ्या आणि जावेच्या डोक्यावर येतं. ऊस तुटून गेला की दुसरा खड्डा आणि तिथून पाटापर्यंत चर खणायचं ठरलं आहे. दिरांनी दोरी लावून आखणीही करून ठेवली आहे.