सोलापुरी टर्किश टॉवेल, भरपूर धुवून झाल्यावरचा रिव्ह्यू

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याचं स्वतःचं दुकान आहे, तिथून घरातल्या सगळ्यांसाठी टॉवेल घेतले होते. आता ते भरपूर वापरून, धुवून, दोरीवर वाळवून झालेत म्हणून लिहितेय, कारण नव्या टॉवेलचा रिव्ह्यू वाचून काहीच कळत नाही, दुकानात सगळेच मऊ लागतात.

आधी सांगते, हे हॉटेलसारखे जाडजूड टॉवेल नाहीत. साधारण चारशे जीएसएमचे आहेत. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, म्हणजे ७५ बाय १५० सेंटीमीटरचा मोठा टॉवेल चारशे जीएसएमचा असेल तर साडेचारशे ग्रॅम आणि सहाशेचा असेल तर पावणेसातशे ग्रॅम, आणि हे कोरडं वजन बरं का. चार माणसांच्या घरात ते ओले टॉवेल उचलून पिळणारीला, वाळत घालणारीला हा फरक लगेच कळतो. मशीन साडेसहा किलोचं असेल तर जाड टॉवेल चार टाकले की ड्रम भरल्यासारखा होतो आणि नीट खळबळत पण नाहीत.

पण मला खरं जिंकलं ते पावसाळ्यात. आमच्याकडे बाल्कनी एकच, ऊन येतच नाही, जाड टॉवेल दोन दिवस दमट राहायचे आणि मग तो कुबट वास, जो अंग पुसताना नाकातच जातो. तो वास ओलसर कापडात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो, त्यामुळे टॉवेल लवकर वाळला की निम्मं काम झालं. हे सोलापुरी पंख्याखाली रात्रभरात वाळतात. फक्त मशीनमधून काढल्यावर दोन्ही टोकं धरून जोरात झटकायचे (फंदे, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे छोटे वेढे, उभे राहतात आणि मऊ पण वाळतात) आणि दोरीवर दुमडून टाकायचे नाहीत, पसरून टाकायचे.

आता नव्याबद्दल. पहिल्यांदा अंग पुसलंत तर पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं आणि वाटतं फसलो. तसं नाहीये, गिरणीतून निघताना मऊपणासाठी जे फिनिशिंग लावतात ते सुताला पाणी पिऊ देत नाही, दोन-तीन धुण्यांत ते निघून जातं. वापरायच्या आधीच धुवा, वेगळे धुवा, सुरुवातीला लिंट, म्हणजे सुताचे सुटे तंतू, निघतेच. आणि मरून रंगाचा टॉवेल रंग सोडतो, आमच्याकडच्याने चांगलाच सोडला, पांढऱ्या बनियनबरोबर अजिबात टाकू नका. हा एक स्टार मी त्याच्यासाठीच कापलाय, दुकानदाराने विकताना सांगायला हवं होतं.

फॅब्रिक सॉफ्टनर मात्र टॉवेलला घालूच नका, कृपा करून. त्याचा सुतावर पातळ थर बसतो, हाताला मऊ लागतं पण पाणी शोषत नाही, मग आपण म्हणतो टॉवेल बेकार निघाला. पावडर पण कमी घाला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी असतं, त्यात साबण नीट निघत नाही, कापड कडक आणि करडं होत जातं. असं झालं की मी कधीतरी एकदा पावडर न घालता गरम पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून फिरवते, नंतर साध्या पाण्यातून काढते, परत पाणी प्यायला लागतात. दर धुण्याला नको, मशीनच्या रबराला चांगलं नाही. आणि व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नको, क्लोरीनचा विषारी वायू होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या मावशींना पण सांगून ठेवा.

पोरीच्या गडद निळ्या टॉवेलवर नारिंगी ठिपके पडायला लागले तेव्हा सगळे रंग कच्चा म्हणून सोलापूरला नावं ठेवायला लागले होते. कारण निघालं तिचं पिंपल्सचं क्रीम, त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड असतं आणि ते कापडाचा रंग उडवतं. आता तिला तोंड पुसायला पांढरा दिलाय, प्रश्न मिटला.

एखादा फंदा ओढला जाऊन बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने कापा. टेरी, म्हणजे हे फंद्यांचं कापड, विणताना ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन रोल असतात, एक घट्ट आणि एक सैल, त्या सैल धाग्याचेच फंदे होतात, त्यामुळे धागा ओढला की शेजारचे फंदे पण सुटत जातात, कापला तर काही होत नाही. कडेची शिलाई आमच्यातल्या एका टॉवेलची उसवली, शिंप्याकडून इंटरलॉक मारून घेतली.

धुणं किती वेळा? अंगाचा टॉवेल नीट वाळत असेल तर तीन-चार वापरांनंतर, हात पुसायचा त्याहून लवकर. घरात कोणाला गजकर्ण झालं असेल तर त्याचा टॉवेल पूर्ण वेगळा, रोज गरम पाण्यात, कडक उन्हात, आणि बाकीच्यांनी हात पण लावायचा नाही, टॉवेलमधून ते सहज पसरतं. दिवाळीचं तेल-उटणं जुन्या टॉवेलला पुसा, तेल मुरलं की साध्या धुण्याने त्याचा वास जात नाही.

सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, पण नाव लावून दुसरीकडचा माल विकणारे खूप आहेत, तेव्हा सोलापूरला कोणी जाणारं असेल तर त्यांनाच सांगून मागवा. किंमत पण बरी पडते, मला मॉलमधल्या एका जाड टॉवेलच्या पैशात तीन आले. माझे चार स्टार. विरळ झालेले दोन कापून, कडा शिवून फरशी पुसायला काढलेत आणि पाणी अजून मस्त ओढतात, पुढच्या वेळी पांढरे आणि फिकट रंगाचेच मागवणार.