सात जणांची फळी की नऊ जणांची? हंगामाच्या मध्यावरचा बास्केटबॉलचा पेच

हंगाम अर्धा सरलाय, गुणतक्त्यात संघ मधल्यामध्ये लटकलाय आणि प्रशिक्षकापुढे दोन रस्ते आहेत. जे सात जण भरवशाचे आहेत त्यांच्याच जिवावर उरलेले सामने काढायचे, वेग आटोक्यात ठेवायचा, प्रत्येक पझेशन (चेंडू आपल्या ताब्यात असतानाची चढाई) सेट, म्हणजे आधी घोटलेला डाव, लावून संपवायचं. नाहीतर नऊ जणांना खरोखरची मिनिटं द्यायची, वेग वाढवायचा, अधूनमधून प्रेस, म्हणजे समोरच्याच्या अर्ध्या कोर्टापासूनच दबाव टाकणारा बचाव, लावायचा. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत आणि दोन्ही पद्धतींनी सामने जिंकले जातात. मी नऊची बाजू घेतली. मात्र त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण, म्हणजे ताजेतवाने पाय, हे माझ्या दृष्टीने दुय्यम आहे.

आधी हिशेब मांडू. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार सामना 40 मिनिटांचा, म्हणजे पाच जागांची मिळून 200 मिनिटं वाटायची. सातच्या फळीत पहिले पाच जण साधारण 34 मिनिटं खेळतात आणि उरलेली 30 मिनिटं दोघांत जातात. नऊच्या फळीत पहिले पाच 28 वर येतात, बाकी चौघांना प्रत्येकी 15 मिळतात. फरक माणशी सहाच मिनिटांचा. पण मुख्य खेळाडूला ही सहा मिनिटं कधी बसवता, यावर शेवटच्या पाच मिनिटांत तो कसा खेळणार हे बरंचसं ठरतं. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीला दोन मिनिटं बसवलं, तर क्वार्टरमधली विश्रांती धरून त्याला सलग चार-पाच मिनिटं श्वास मिळतो. सातच्या फळीत ही चैन परवडत नाही, कारण नेमका त्याच वेळी दुसरा कोणीतरी बाहेर बसलेला असतो.

सातच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तेच पाच जण सतत एकत्र खेळले की बचावात बोलावंच लागत नाही. पिक अँड रोलवर (एकाने बचावपटूला आडवं उभं राहून चेंडूवाल्याला वाट करून द्यायची आणि मग स्वतः रिंगकडे वळायचं, हा डाव) सेंटरने, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूने, मागे थांबायचं की पुढे येऊन चेंडू अडवायचा, कोपऱ्यातल्या शूटरला सोडून किती आत यायचं, हे सवयीने होतं. सेट चढाईच्या 24 सेकंदांपैकी 18 उरलेले असताना सुरू होतो आणि पहिला पर्याय बंद झाला तर दुसऱ्यासाठी वेळ उरतो. शिवाय संथ खेळात दोन्ही संघांची पझेशन्स कमी होतात. समोरचा संघ वरचढ असेल तर त्याला आपलं वरचढपण दाखवायला तेवढी संधी कमी. दुबळ्या संघाने धावपळीचा सामना ओढवून घेणं बहुतेक वेळा अंगलट येतं, हे मान्यच करावं लागेल.

दमछाकीबद्दल थोडक्यात. थकलेला खेळाडू ओळखायला आकडेवारी लागत नाही. समोरचा फ्री थ्रो घेत असताना जो वाकून शॉर्ट्सची कड धरून उभा आहे, तो थकलाय. त्याचे जम्प शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येऊ लागतात, कारण शॉटची ताकद पायांतून येते आणि पाय संपलेले असतात. शूटरकडे तो धावत जातो पण सरळ उभा राहून, गुडघे न वाकवता, त्यामुळे एका हुलकावणीत बाद होतो. रिबाउंडला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू टिपताना, बॉक्स आउट करायच्या (समोरच्याला पाठीने अडवायच्या) ऐवजी चेंडूकडे बघत राहतो. हे सगळं खरं असलं तरी आठवड्याला एकच सामना असेल आणि खेळाडू तंदुरुस्त असतील, तर 34 मिनिटं झेपतात. म्हणून फक्त एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, याची दोन टोकं नुकतीच समोरासमोर आली होती. 2024-25 मध्ये टॉम थिबोडो यांचा न्यूयॉर्क निक्स संघ मोजक्या खेळाडूंवर चालला; जॉश हार्ट सरासरी मिनिटांत आणि मिकल ब्रिजेस एकूण मिनिटांत लीगमध्ये पहिला होता. समोर रिक कार्लाइल यांचा इंडियाना पेसर्स, बेंचवरून माणसं ओतणारा, पूर्ण कोर्टवर चेंडूमागे लागणारा. हाच पेसर्स हंगामाच्या सुरुवातीला 10 विजय आणि 15 पराभव अशा अवस्थेत होता, तरी त्यांनी पद्धत सोडली नाही. ईस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम फेरी त्यांनी 4-2 ने जिंकली. पहिल्याच सामन्यात निक्स तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना 14 गुणांनी पुढे होते आणि ओव्हरटाइममध्ये हरले. त्याआधीचं नावाजलेलं उदाहरण 2013-14 च्या सॅन अँटोनियो स्पर्सचं. ग्रेग पोपोविच यांच्या त्या संघात एकाचीही सरासरी 30 मिनिटांना पोचली नाही. 62 सामने जिंकले आणि अंतिम फेरीत मायामीला 4-1 ने हरवलं. पण तिथला सामना 48 मिनिटांचा, नियमित हंगाम 82 सामन्यांचा आणि बेंचवरचा नववा खेळाडूही व्यावसायिक. आपल्या संघाला ते माप जसंच्या तसं लावू नये.

आता ज्या कटकटीमुळे माझा कौल फिरला, ती. गार बेंच.

सातच्या फळीचं गणित पहिल्या क्वार्टरच्या सहाव्या मिनिटाला, तुमच्या सेंटरला दुसरा फाउल मिळाल्यावर बिघडतं. फिबात पाच फाउलना खेळाडू बाद. दोन झाल्यावर त्याला कोर्टवर ठेवलं तर तो हात आखडून बचाव करतो आणि रिंगखाली मोकळं रान मिळतं. बाहेर काढलं तर सातवा येतो. इथवर ठीक. पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॉइंट गार्डलाही (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्यालाही) दुसरा फाउल बसला की आठव्याला उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि हा आठवा गेले पाच-सहा सामने ट्रॅकसूटमध्ये बसलेला असतो.

तो आत आल्यावर काय होतं ते बारकाईने पाहा. समोरच्या प्रशिक्षकाला कळायला एक पझेशन पुरतं. पुढच्या वेळी ते मुद्दाम त्याच्याच माणसाकडून स्क्रीन लावून घेतात, म्हणजे तो आपल्या गार्डच्या वाटेत आडवा उभा राहतो. त्याने ‘स्क्रीन डावीकडे’ असं ओरडून सांगायला हवं; तो सांगत नाही, कारण त्याला वाटतं ते सगळ्यांना दिसतंय. आपला गार्ड स्क्रीनवर आदळतो. आता आठव्याने अर्धं पाऊल मागे घेऊन चेंडूवाल्याला थोपवायचं असतं, पण तो चेंडूवर हात टाकतो. फाउल. पायांनी उशीर केला की हात पुढे जातात, आणि गार खेळाडूचे पाय पहिल्या दोन-तीन पझेशन्सना उशीर करतातच. तेवढ्यात प्रशिक्षक वैतागून त्याला परत बोलावतो. तो बसताना एकदा बेंचकडे, एकदा स्कोअरबोर्डकडे बघतो, आणि पुढच्या सामन्यात उतरेल तेव्हा त्याच्या डोक्यात चेंडू नसून प्रशिक्षकाचा चेहरा असेल.

याचं मूळ सामन्यात नाही, सरावात आहे. सातवरच भिस्त असलेल्या संघात राखीव खेळाडूंचं आठवडाभराचं काम एकच: पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सेट खेळून दाखवणं. मुख्य पाच जण त्याविरुद्ध बचाव घोटवतात. म्हणजे आठव्या-नवव्या खेळाडूला समोरच्यांचे डाव पाठ असतात आणि आपल्याच संघाचा बेसलाइन इनबाउंड सेट (रिंगमागच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकतानाचा डाव) मात्र अंधुकसा आठवतो. मग ऐन वेळी तो चुकीच्या कोपऱ्यात उभा राहिला म्हणून त्याला बोल लावायचे. हे पाहून पाहून माझी सहनशक्ती संपली. दमलेला स्टार चालवून घेता येतो. आपणच गार ठेवलेला माणूस आयत्या वेळी तापलेला हवा, ही अपेक्षा मला पटत नाही.

माझ्या मताविरुद्ध जाणारी गोष्टही सांगतो. वर उल्लेखलेल्या मालिकेत 0-2 ने मागे पडल्यावर निक्सनी लँड्री शॅमेट आणि डेलॉन राइट यांना, ज्यांना आधी फारसं उतरवलंच नव्हतं, तिसऱ्या सामन्यात खेळवलं आणि तो सामना त्यांनी जिंकला. म्हणजे गार बेंच नेहमीच दगा देतो असं नाही. पण ते दोघे वर्षानुवर्षं त्या पातळीवर खेळलेले होते. तुमचा आठवा तसा असेल तर गोष्ट वेगळी.

नऊच्या फळीची डोकेदुखी वेगळी, आणि ती नीट समजून न घेता उडी मारली तर दोन सामन्यांत हात पोळतात. पहिली अडचण नियमाची. फिबात चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं सोडली तर बास्केट झाल्यावर घड्याळ थांबत नाही, म्हणून बदली करता येत नाही; शिट्टी लागते. बदली खेळाडू टेबलाजवळ येऊन बसलाय आणि दोन-अडीच मिनिटं शिट्टीच नाही, असं सर्रास होतं. म्हणून ज्याला पाचव्या मिनिटाला बाहेर काढायचं आहे त्याचा बदली साडेतीन मिनिटांनाच टेबलाशी पाठवावा. अगदीच अडकलं तर टाइमआउट घ्यावा लागतो, आणि पहिल्या अर्ध्या सामन्यात ते दोनच मिळतात.

दुसरी अडचण एकदम पाच जण बदलण्याची हौस. चार मिनिटांत आठ गुणांची आघाडी पाण्यात घालवायचा हा हमखास मार्ग. एका वेळी दोन, फार तर तीन. कोर्टवर कायम एक जण असा हवा जो दबावाखाली चेंडू अर्ध्या रेषेपार नेतो आणि एक असा जो बचावात तोंड उघडतो. हे दोन्ही एकाच खेळाडूत असतील तर तो आणि त्याचा बदली यांच्या मिनिटांचं वेळापत्रक आधी बनवा, बाकीच्यांचं त्याभोवती.

तिसरी प्रेसची. बेंच खोल केला की लगेच 1-2-1-1 (आकडे म्हणजे पुढून मागे खेळाडूंच्या रांगा) लावून इनबाउंडवरच ट्रॅप करायचा, म्हणजे दोघांनी मिळून चेंडूवाल्याला कोंडायचा, मोह होतो. तो प्रेस मोडतो तो मधल्या माणसाला गेलेल्या एका पासने. दुसरा ट्रॅपर एक पाऊल उशिरा आला, दोघांच्या गुडघ्यांमध्ये फट राहिली की चेंडू तिथून निसटतो आणि मागे तीनास दोन उरतात. वर रागाने मागून मारलेला हात. क्वार्टरमध्ये चार सांघिक फाउल झाल्यावर पाचव्यापासून साध्या फाउललाही दोन फ्री थ्रो. रिंगपासून वीस मीटरवर असला फाउल देणं म्हणजे फुकटचे गुण. हंगामाच्या मध्यावर त्यापेक्षा 2-2-1 बरा. त्यात चेंडू हिसकावायचा नसतो, वेळ खायचा असतो. समोरच्याला आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची असते. सहा-सात सेकंद त्यातच गेले की त्यांचा सेट सुरू होताना घड्याळात जेमतेम 15 उरतात. हा प्रेस शिकायला सोपा, त्यातले फाउल कमी, आणि मागचा एक जण कायम रिंगचं रक्षण करतो. आपला फ्री थ्रो पडल्यावर लावायला सुरुवात करा, कारण तेव्हा सगळे जागेवर असतात. शॉट चुकत असतील त्या दिवशी प्रेस उभाच राहत नाही, हेही गृहीत धरा.

सातवरच थांबावं अशी परिस्थिती असते का? असते. आठव्या-नवव्याला डाव्या हाताने ड्रिबल करत दबाव सोसता येत नसेल. सामन्यांमध्ये सहा-सात दिवसांचं अंतर असेल. सगळा खेळ एका उंच सेंटरभोवती फिरत असेल. किंवा प्रशिक्षकाचा स्वभावच असा असेल की चूक दिसताच बदली, तर नऊची फळी त्याच्याकडून चालणार नाही, उगाच सगळ्यांचीच मनं खट्टू होतील. याउलट चार दिवसांत तीन सामने असलेली स्पर्धा पुढे असेल तर मला फारसा विचार करावासा वाटत नाही.

बदल करायचा तर आत्ताच, बाद फेरीच्या तोंडावर नाही. सरावातली वीस मिनिटं दुसऱ्या फळीला स्वतःचे सेट घोटायला द्या. तीनच सेट, पण पाठ: एक बेसलाइन इनबाउंड, एक साइड पिक अँड रोल, एक शूटरसाठी स्क्रीनचा. प्रतिस्पर्ध्याचे डाव दाखवायचं काम दोन्ही फळ्यांनी आलटून पालटून करावं. सामन्यात आठव्याला पहिल्या क्वार्टरमध्येच, गुणफलक शांत असताना उतरवा आणि सलग चार मिनिटं ठेवा. पहिल्या चुकीनंतर बाहेर काढायचं नाही. बदली पुढच्या शिट्टीला ठरलीच असेल तर ती एक पझेशन पुढे ढकला. बेंचवर बसलेल्यांपैकी एकाला समोरच्या संघाच्या सांघिक फाउलांची मोजणी द्या, म्हणजे आत गेल्यावर लगेच रिंगकडे घुसायचं की नाही हे त्याला ठाऊक असतं. शेवटच्या पाच मिनिटांत कोण खेळणार ते मात्र आधी लिहून ठेवू नका. सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे बहुतेक वेळा असतीलच. पाचवी जागा त्या दिवशी ज्याचा बचाव चालतोय त्याची, मग तो नववा का असेना.