लक्षद्वीपला जायचं ठरलं, पण बेट कुठलं? अगत्ती की मिनिकॉय

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून रोज जाते. डब्यावरचं नाव आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय, पण ती गाडी लक्षद्वीपला पोचत नाही. ती एर्नाकुलमला थांबते आणि तिथून पुढे समुद्र सुरू होतो. ‘लक्षद्वीपला जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांचा पहिला घोळ इथेच होतो, कारण तिथे जायला प्रवेश-परवाना लागतो आणि त्याच्या अर्जात बेटाचं नाव लिहावं लागतं. ‘गेल्यावर बघू’ ही सोय नाही. म्हणून निवड घरीच करायला हवी.

नाव लाख बेटांचं असलं तरी जुन्या गणतीत बेटं भरतात 36, आणि वस्ती आहे फक्त 10 बेटांवर. सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून जास्त माणसं असतात. या दहांपैकी अगत्ती आणि मिनिकॉय या दोन नावांवर बहुतेकांची गाडी अडते. दोन्हीकडे निळं पाणी, दोन्हीकडे माड, म्हणून लोक भाडं बघून ठरवतात. माझ्या मते ती चूक आहे. ही दोन बेटं पाण्याने सारखी असली तरी माणसांनी फार वेगळी आहेत.

आधी पोचण्याचं बोलू, कारण अनेकांचा निर्णय इथेच होतो. लक्षद्वीपमधला एकमेव विमानतळ अगत्तीला आहे, 1988 सालापासून. बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना समुद्र असलेली आखूड धावपट्टी आहे. कोचीहून छोटं विमान साधारण दीड तासात उतरतं. 2024मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरूनही अगत्तीची सेवा सुरू झाली. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा तिकिटाआधी खात्री करून घ्या. मिनिकॉयला मात्र जहाजच. कोचीपासून सुमारे 400 किलोमीटर, म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर दिवसाचे काही तास. सरकारी ‘समुद्रम’ सहलीत जहाज कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवतं. रात्री जहाजावर, दिवसा बेटावर. समुद्र खवळलेला असला की जहाज बाहेरच थांबतं आणि हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. बरोबर गुडघे दुखणारी आई किंवा तान्हं मूल असेल, तर अगत्तीच निवडा. दोन्ही बेटांवर रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला कोचीलाच हलवावं लागतं, आणि अशा वेळी विमानतळ जवळ असल्याचा आधार मोठा असतो.

पाण्याबद्दल मात्र निवड करण्यासारखं काही नाही. दोन्ही कंकणाकृती प्रवाळबेटं. समुद्रात बुडत गेलेल्या डोंगराभोवती प्रवाळांनी बांधलेलं कडं, त्याच्या पूर्वेच्या अंगाला साठलेली प्रवाळाची वाळू म्हणजे बेट, आणि पश्चिमेला कड्याच्या आत अडलेलं शांत, उथळ पाणी म्हणजे लगून. त्यामुळे दोन्हीकडे सूर्य लगूनच्या बाजूला मावळतो, आणि पोहता न येणारा माणूसही कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मासे बघू शकतो. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग, कयाक हे सगळं दोन्हीकडे. अगत्तीची जमेची बाजू एवढीच की तिथून बंगारम आणि तिन्नकरा ही बेटं बोटीच्या अंतरावर आहेत. बंगारमवर गाववस्ती नाही, आणि सगळ्या लक्षद्वीपमध्ये दारूला परवानगी आहे ती तिथेच. नुसता निवांतपणा हवा असलेल्या जोडप्याला याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

आता माणसांकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते हे.

अगत्तीचे लोक मल्याळमच्या वळणाची ‘जेसरी’ बोलतात, शाळेत मल्याळम शिकतात. केरळ फिरलेल्या माणसाला तिथलं खाणं, बोलणं ओळखीचं वाटतं. पण घराची रचना बघा. लोक मुसलमान आहेत आणि घराणं चालतं आईकडून. आईच्या घराण्याला ‘तारवाड’ म्हणतात. जुन्या चालीप्रमाणे लग्नानंतर नवरा आपल्या आईच्याच घरी राहायचा आणि रात्री बायकोच्या घरी जायचा. मालमत्तेचेही दोन भाग आहेत. तारवाडाची सामाईक मिळकत ती ‘शुक्रवारची’, ती आईच्या वंशातच राहते. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’, तिची वाटणी इस्लामी कायद्याने होते. नातं आणि धर्म यांच्यात वाद न घालता दोघांना एकेक वार देऊन टाकणारी ही माणसं मला फार शहाणी वाटतात. नव्या पिढीत स्वतंत्र चुली वाढल्या आहेत, पण ‘तुझं तारवाड कुठलं?’ हा प्रश्न अजून जिवंत आहे.

मिनिकॉय या सगळ्यापासून दूर आहे. नऊ अंशाची खाडी, म्हणजे जवळजवळ 200 किलोमीटर समुद्र, त्याला बाकीच्या बेटांपासून तोडते. दक्षिणेला मालदीवची पहिली बेटं त्याहून जवळ. तिथले लोक आपल्या बेटाला ‘मलिकू’ म्हणतात आणि ‘महल’ बोलतात, जी मालदीवच्या दिवेहीचीच बहीण. ती थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. वस्ती सुटी-सुटी नाही, बेटाच्या मध्यावर दाटीने वसलेली गावं आहेत. गावाला ‘अवा’ म्हणतात. प्रत्येक अवाचं स्वतःचं सामाईक घर असतं, पुरुषांचा प्रमुख ‘बोडुकाका’ असतो आणि बायकांचीही वेगळी प्रमुख असते. गावाची कामं, लग्नकार्य, स्वच्छता यांची वाटणी तिथेच होते. घर इथेही बाईच्या बाजूचं. पुरुष पिढ्यानपिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जात आलेत आणि महिनोन् महिने बाहेर असतात, तेव्हा गाव बायकाच सांभाळतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरांत कर्ता माणूस मुंबईला किंवा बोटीवर असायचा, त्या घरांतल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मिनिकॉयला गेलात तर दीपगृह चुकवू नका. ते 1885 सालचं आहे. वर चढलं की बेट, लगून आणि बाहेरच्या खोल समुद्राची काळी-निळी रेघ एका नजरेत येते. गावांच्या शर्यतींच्या लांब, रंगीत ‘जहाधोनी’ नावा किनाऱ्यावरच्या शेडमध्ये ठेवलेल्या दिसतात. बेटाची लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, तेव्हा सायकल मिळाली तर उत्तम.

दोन्ही बेटांना जोडणारा धागा म्हणजे टूना, आपल्या कोकणातला कुप्पा किंवा गेदर. इथे तो जाळ्याने नाही, बांबूच्या काठीला गळ लावून एकेक पकडतात. सकाळी लगूनमधून बारीक मासळी जिवंत पकडायची आणि होडीच्या पाण्याच्या टाकीत जिवंतच ठेवायची. खोल समुद्रात टूनाचा थवा दिसला की ही मासळी फेकायची आणि होडीतून पाण्याचे फवारे उडवायचे. पृष्ठभाग खळबळतो, टूनाला वाटतं लहान माशांची झुंबड उडाली आहे, आणि तो बेभान होऊन गळाला लागतो. गळाला उलटं काटेरी टोक नसतं, त्यामुळे काठी झटकली की मासा सुटून थेट होडीत पडतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात. नको असलेले मासे, कासवं यात सहसा सापडत नाहीत. ही कला मूळची मिनिकॉयची. 1960च्या दशकात मत्स्यविभागाने ती उत्तरेच्या बेटांवर नेली आणि आज अगत्तीही टूनाचं मोठं केंद्र आहे. उकडून, धुरावून, वाळवून केलेल्या दगडासारख्या टूनाला ‘मास’ म्हणतात. नारळाबरोबर त्याची चटणी भाताशी खाऊन बघा. शाकाहारी मंडळींनी मात्र राहण्याच्या जागी आधी स्पष्ट बोलून घ्यावं, कारण भाजी मुख्य भूमीवरून बोटीने येते आणि बोट लांबली की तीही लांबते.

गोडं पाणी हा दोन्हीकडचा नाजूक विषय. बेट समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं, आणि विहिरीतून जास्त उपसा झाला की खालचं खारं पाणी वर येतं. म्हणून 2005मध्ये कवरत्तीला आणि 2011मध्ये मिनिकॉय-अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रकल्प बसवले. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं आणि खोलातून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी होते. तुमची बादली या मेहनतीतून येते, तेव्हा हॉटेलसारखा शॉवर चालू ठेवू नका. प्रवाळावर पाय देऊ नका आणि त्याचा तुकडा खिशात घालू नका, तो गुन्हा आहे. 1998, 2010, 2016 आणि 2024मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं होतं. ते जगलं तरच कडं टिकेल, आणि कडं टिकलं तर बेट. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

तर माझा कौल असा. चार दिवस, विमानाचा प्रवास, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं, आणि मुख्यतः पाण्यात डुंबायचंय तर अगत्ती. जोडीला बंगारम घ्या आणि मनात ‘मिनिकॉय राहिलं’ची रुखरुख ठेवू नका. पण जहाज सोसत असेल, हातात आठवडा असेल आणि एका अनोळखी भाषेतल्या गावात पाहुणा म्हणून वावरण्याची हौस असेल, तर मिनिकॉय. मला एकच निवडायला सांगितलं तर मी मिनिकॉयच लिहीन, कारण तसं निळं पाणी दुसरीकडे मिळेल, पण अवा आणि महल भाषा भारतात आणखी कुठे भेटणार नाही.

अर्ज मात्र लवकर करा. राहत्या जागेचा पोलीस दाखला लागतो, आणि नोंदणीकृत सहल किंवा तिथल्या कुणाचं निमंत्रणही. ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस धरा, पुढे पावसाळ्यात जहाजं कमी होतात. परतीची रेल्वे जहाजाच्या दुसऱ्याच दिवशीची काढू नका, कोचीत एक रात्र मोकळी ठेवा.