फ्रॅपे एचआर : लहान उद्योगाच्या पगारपत्रकासाठी कितपत उपयोगी?

लहान उद्योगातील पगाराचे काम बहुधा एका एक्सेल पत्रकावर आणि ते पत्रक समजणाऱ्या एकाच व्यक्तीवर अवलंबून असते. ती व्यक्ती रजेवर गेली की पगार लांबतात, आणि नोकरी सोडून गेली की कोणत्या रकान्यातले कोणते सूत्र कशासाठी घातले होते याचा शोध घेण्यात नव्या हिशेबनिसाचे सुरुवातीचे काही महिने जातात. हे काम सॉफ्टवेअरकडे सोपवू पाहणाऱ्यांसमोर जे पर्याय येतात, त्यांपैकी फ्रॅपे एचआर या मुक्तस्रोत प्रणालीचे हे परीक्षण आहे. स्वतंत्र मनुष्यबळ विभाग नसलेला, सुमारे शंभरच्या आत कर्मचारी असलेला आणि हिशेबाची बाजू एक-दोन माणसांवर चालणारा उद्योग डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे.

मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीची ही निर्मिती आहे. पूर्वी ती ईआरपीनेक्स्ट या मोठ्या हिशेब-प्रणालीचाच एक भाग होती. २०२२ मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून ती वेगळी काढण्यात आली. मात्र हे वेगळेपण अर्धेच आहे, कारण फ्रॅपे एचआर बसवण्यासाठी ईआरपीनेक्स्ट आधी बसवावे लागते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे ते वापरण्यासाठी दरडोई शुल्क नाही. सर्व्हर, त्याची देखभाल आणि सुरुवातीची मांडणी यांचा खर्च अर्थातच आहे, आणि फुकट मिळते म्हणून ते घेणाऱ्यांच्या हिशेबातून नेमका हाच खर्च सुटतो.

पगाराची आकडेमोड हे यंत्राकडे गेलेल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक कामांपैकी एक आहे. ब्रिटनमधील जे. लायन्स ही चहागृहे आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी स्वतः बांधलेल्या लिओ संगणकावर १९५४ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली होती. त्यामुळे आजच्या सॉफ्टवेअरला गुणाकार-भागाकार येतात की नाही, हा परीक्षेचा विषयच नाही. उद्योगाचे पगाराचे नियम, म्हणजे तोंडी ठरलेले, सवयीने चालत आलेले आणि माणसागणिक बदलणारे नियम, ही प्रणाली कशी मांडून घेते आणि ते मोडले गेले तर कोणाच्या लक्षात आणून देते, यावर तिची किंमत ठरते.

या बाबतीत फ्रॅपे एचआरची रचना चांगली आहे. मूळ वेतन, भत्ते, कपाती अशी प्रत्येक बाब आधी स्वतंत्र वेतनघटक म्हणून नोंदवायची, त्या घटकांची मिळून एक वेतनरचना तयार करायची आणि ती रचना ठरावीक तारखेपासून ठरावीक रकमेसह कर्मचाऱ्याला लागू करायची, असे तीन टप्पे आहेत. पहिल्या वेळी हे फार लांबण लावल्यासारखे वाटते. परंतु एकाच कामाच्या दोन माणसांना वेगळा भत्ता का मिळतो, हा प्रश्न एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो. इथे त्या दोघांसाठी दोन वेगळ्या रचना कराव्या लागतात किंवा सूत्रात तशी अट लिहावी लागते, आणि दोन्ही गोष्टी करताना मालकाला त्या फरकाचे कारण सांगावे लागते. काही उद्योगांत या कामाची सुरुवात सॉफ्टवेअरऐवजी अशा जुन्या प्रश्नांच्या चर्चेनेच होते, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

घटकांची सूत्रे मात्र हिशेबनिसापेक्षा प्रोग्रामरच्या सोयीची आहेत. प्रत्येक घटकाला एक संक्षेप दिलेला असतो आणि पुढच्या घटकाच्या सूत्रात तो वापरता येतो. पण सूत्रे ज्या क्रमाने मांडली त्याच क्रमाने सोडवली जातात, त्यामुळे ज्या घटकावर दुसरा घटक अवलंबून आहे तो यादीत आधी असावा लागतो. अटी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या धर्तीवर लिहाव्या लागतात. एक्सेलची सूत्रे सहज लिहिणारा माणूस थोड्या सरावाने हे शिकतो. ज्याने एक्सेलमध्येही दुसऱ्याने घातलेली सूत्रे फक्त खाली ओढली आहेत, त्याला इथे मदतनीस लागेल.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग कामाच्या दिवसांच्या गणनेचा आहे. दरमहा पगार असलेल्या कर्मचाऱ्याने बिनपगारी रजा घेतली तर एका दिवसाचे किती कापायचे, हे कोणत्याही पगारपत्रकातील वादाचे मूळ असते. पेरोलच्या सेटिंगमध्ये एकूण कामाच्या दिवसांत सुट्ट्या धरायच्या की नाही, यासाठी एकच चौकट आहे, आणि तिच्यावरची खूण सगळ्या कर्मचाऱ्यांच्या कपातीवर परिणाम करते. समजा पगार ३०,००० आहे, महिना ३० दिवसांचा आहे, त्यात चार सुट्ट्या आहेत आणि कर्मचाऱ्याची रजा दोन दिवसांची आहे. सुट्ट्या धरल्या तर दिवसाचे १,००० या दराने २,००० कापले जातील. सुट्ट्या वगळल्या तर भाजक २६ होईल, दिवसाचा दर सुमारे १,१५४ येईल आणि कपात २,३०८ च्या आसपास जाईल. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत आणि दोन्ही बरोबर उत्तर देतात, फक्त उत्तरे वेगळी असतात. आपल्या उद्योगात आजवर कोणती पद्धत चालत आली आहे आणि नेमणूकपत्रात काय लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय त्या चौकटीला हात लावू नये.

याला जोडून दुसरी बाब येते. रजेच्या दिवसांनुसार कोणता घटक कमी व्हावा आणि कोणता पूर्ण मिळावा, हे प्रत्येक घटकावर वेगळे ठरवता येते. मूळ वेतन दिवसांनुसार कमी व्हावे, पण दूरध्वनीच्या खर्चाचा ठरावीक भत्ता पूर्ण मिळावा, अशी मांडणी त्यामुळे एका खुणेने होते. एक्सेलमध्ये हीच गोष्ट दर महिन्याला लक्षात ठेवावी लागते आणि गर्दीच्या महिन्यात नेमकी विसरली जाते.

दिवस मोजण्यासाठी प्रणाली रजेच्या नोंदींवर किंवा हजेरीच्या नोंदींवर अवलंबून राहू शकते. रजेच्या नोंदींवर चालवले तर जो रजेचा अर्ज करत नाही तो हजर धरला जातो. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा छोट्या कार्यालयाला हे पुरते. पाळ्यांमध्ये काम चालणाऱ्या ठिकाणी हजेरीचाच आधार घ्यावा लागतो. बोटाच्या ठशाच्या यंत्रातील नोंदी प्रणालीत आणता येतात आणि पाळीच्या वेळांवरून हजेरी, अर्धा दिवस किंवा गैरहजेरी आपोआप लावता येते. इथे सर्वांत नाजूक प्रश्न नोंदच नसलेल्या दिवसाचा असतो. यंत्र बंद पडले किंवा ठसा उमटला नाही तर तो दिवस हजर धरायचा की गैरहजर, हे सेटिंगमध्ये ठरवावे लागते. हजर धरले तर मालकाचे नुकसान गुपचूप होते, गैरहजर धरले तर कर्मचाऱ्याचे नुकसान होते आणि ते गुपचूप राहत नाही. पगार काढताना हजेरी तपासण्याचा जो पर्याय दिला आहे तो चालू ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण मग नोंद नसलेले दिवस निस्तरेपर्यंत काम पुढे सरकत नाही. पगाराच्या आदल्या दिवशी ही अडवणूक त्रासाची वाटते. पण ती टाळण्यासाठी तो पर्याय बंद करणे म्हणजे स्वयंचलनाचा अर्धा उपयोग सोडून देणे होय.

प्रत्यक्ष पगार काढण्याचे काम सरळ आहे. महिना, विभाग किंवा शाखा निवडली की पात्र कर्मचाऱ्यांची यादी येते आणि सर्वांच्या पगारचिठ्ठ्या कच्च्या स्वरूपात तयार होतात. त्या तपासून पक्क्या केल्या की प्रत्येक घटकाला जोडलेल्या खात्यांत खर्चाची आणि देय पगाराची जर्नल नोंद आपोआप पडते. नंतर बँकेतून पैसे दिल्याची नोंद वेगळी करायची असते. उद्योगाचे हिशेब ईआरपीनेक्स्टमध्येच असतील तर पगारपत्रक आणि खतावणी यांचा ताळा जुळवण्याचे काम जवळजवळ उरत नाही. हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर हा मोठा फायदा हातचा जातो, आणि मग केवळ पगारासाठी एवढी विस्तृत प्रणाली सांभाळणे कितपत शहाणपणाचे आहे याचा विचार व्हायला हवा.

पक्की झालेली पगारचिठ्ठी बदलता येत नाही, हा मला या प्रणालीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. चूक आढळली तर ती चिठ्ठी रद्द करून तिची सुधारित प्रत काढावी लागते. जुनी प्रत रद्द म्हणून दिसत राहते. एक्सेलमध्ये मागच्या महिन्याचा आकडा कोणीही, कधीही आणि कळू न देता बदलू शकतो. ज्यांना ‘पटकन एक आकडा दुरुस्त करून द्या’ असे सांगण्याची सवय आहे, त्यांना ही शिस्त जाचेल.

एखाद्याच महिन्यापुरता बोनस, दंड किंवा मागील फरक देण्यासाठी अतिरिक्त वेतनाची वेगळी नोंद आहे. पगारवाढ महिन्याच्या मध्यापासून लागू होत असेल तर तीच वापरावी लागते, कारण एका पगारचिठ्ठीवर एकच वेतनरचना चालते. फरक हाताने काढून त्यात टाकायचा. उचलीचे हप्तेही तिथेच आवर्ती कपात म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह नोंदवता येतात. पण अशी कपात तारखेवर चालते, शिल्लक रकमेवर नाही. एखाद्या महिन्यात कर्मचारी बहुतेक दिवस बिनपगारी रजेवर असेल आणि हाती येणारी रक्कम शून्याखाली जात असेल, तर प्रणाली चिठ्ठी पक्की करू देत नाही, हे योग्यच आहे. मात्र त्या महिन्याचा हप्ता पुढे कसा ढकलायचा हे माणसाला ठरवावे लागते. कर्जाचे रीतसर वेळापत्रक आणि व्याज हवे असेल तर त्यासाठी वेगळे लेंडिंग अॅप बसवावे लागते. लहान उद्योगांत पगारावरची उचल ही रोजचीच गोष्ट असल्यामुळे हा भाग मूळ प्रणालीत अधिक भक्कम असायला हवा होता.

कराच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. उत्पन्नाचे टप्पे आणि त्यांचे दर नोंदवले की प्रणाली वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नावरचा कर काढून उरलेल्या महिन्यांत वाटते, आणि बोनससारख्या रकमेवरचा पूर्ण कर त्याच महिन्यात कापण्याची सोयही देते. परंतु दर बदलले की ते वेळेवर भरणे, कायद्याने बंधनकारक असलेल्या इतर कपातींची सूत्रे लिहिणे आणि सरकारकडे विवरणे भरणे ही जबाबदारी उद्योगाकडेच राहते. अमेरिकेतील गस्टोसारख्या सेवा पगारावरील कर कापून तो भरण्याचे आणि विवरणे दाखल करण्याचे कामही ग्राहकाच्या वतीने करतात. फ्रॅपे एचआर हे सेवा नसून साधन आहे. हा फरक लक्षात न घेता केलेली तुलना निरर्थक ठरते, आणि ज्या उद्योगात कायद्यातील बदलांकडे लक्ष ठेवणारे कोणी नाही त्याने साधनाऐवजी सेवाच घ्यावी असे माझे मत आहे.

पगारचिठ्ठ्या ईमेलने आपोआप पाठवता येतात आणि त्यांच्या पीडीएफला संकेतशब्द लावता येतो. तो संकेतशब्द कर्मचाऱ्याच्या माहितीतून एका ठरावीक साच्याने बनतो. नाव आणि जन्मवर्ष असा साचा ठेवला तर शेजारच्या टेबलावरचा सहकारीही तो ओळखू शकेल, तेव्हा साचा ठरवताना थोडी कल्पकता दाखवावी. प्रणालीत कोण काय पाहू शकतो हे भूमिकांनुसार ठरते आणि कर्मचाऱ्याला फक्त स्वतःच्या चिठ्ठ्या दिसतील अशी मांडणी करता येते. लहान उद्योगात सोयीसाठी सगळ्यांना एकच प्रशासकीय लॉगिन देण्याची जी पद्धत असते, ती पगाराच्या बाबतीत पहिल्याच दिवशी बंद करावी.

बदल एका रात्रीत करू नये. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये फिनिक्स ही पगार-प्रणाली प्रायोगिक चाचणी वगळून सुरू केली, आणि त्यानंतर हजारो सरकारी कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा अजिबात न मिळालेला पगार निस्तरण्यात वर्षे गेली. लहान उद्योगाला याबाबतीत मोठ्या सरकारपेक्षा सोपे जाते. दोन-तीन महिने जुने पत्रक आणि नवी प्रणाली सोबत चालवायची, प्रत्येकाची निव्वळ रक्कम शेजारी मांडायची आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहून ठेवायचे. त्यासाठी एक तरी महिना रजा, उचल आणि मध्येच रुजू झालेला कर्मचारी असलेला निवडावा. सर्वजण पूर्ण महिना हजर असलेल्या महिन्याची चाचणी फारसे काही सिद्ध करत नाही. अनेकदा फरकाचे कारण नव्या प्रणालीत नसून जुन्या पत्रकातल्या एखाद्या सूत्रात सापडते. तसे झाले तर आजवर कमी मिळालेल्या रकमेचे काय करायचे, हा निर्णय प्रणाली सुरू करण्यापूर्वीच घेतलेला बरा.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे की फ्रॅपे क्लाउडवर, म्हणजे कंपनीच सांभाळत असलेल्या सर्व्हरवर, ठेवायचे, याचे उत्तर तांत्रिक माणूस हाताशी आहे की नाही यावरच अवलंबून आहे. स्वतः बसवले तर बॅकअप घेणे, तो दुसरीकडे उघडून पाहणे आणि नव्या आवृत्त्या बसवणे हे सारे आपल्याकडे येते. नसेल जमत तर क्लाउड घ्यावे. दोन्ही मार्गांत संपूर्ण डेटाबेसची प्रत उतरवून घेता येते, त्यामुळे पुढे प्रणाली बदलली तरी जुन्या वर्षांच्या पगारचिठ्ठ्या कोणाच्या परवानगीवाचून उघडता येतात.