मिनिटाला सहा श्वास: दहा महिन्यांनंतर

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सासूबाईंना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर मासींकडे नेलं आणि तिथेच तीन दिवस काढले. लाइट नव्हती. खाली पाण्यात मगर दिसली अशी हाकाटी कुणीतरी रोज करायचं, आणि विश्वामित्रीकाठी राहणाऱ्याला ती खोटी मानण्याची सोय नाही. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, फ्रिज भंगारात दिला, भिंतींना रंग दिला. दिवाळीपर्यंत घर मार्गी लागलं, पण माझी झोप परत येईना. पावसाळा सरला तरी रात्री तीनला डोळे उघडायचे. छातीत धडधड सुरू व्हायची, आणि अंधारात उंबऱ्यापाशी जाऊन फरशी ओली आहे का ते हाताने चाचपल्याशिवाय चैन पडायचं नाही. दिवसा मुलावर चिडायची, यांच्यावर चिडायची. बीपी मोजलं तर १५२/९६. डॉक्टरांनी लहान डोसची गोळी दिली. मीठ कमी करा, चाला, आणि रोज दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या, असंही सांगितलं.

त्या शेवटच्या सूचनेचा हा अनुभव लिहिते आहे. डिसेंबर २०२४ पासून एखाद-दुसरा दिवस सोडला तर खाडा नाही.

सुरुवात चुकीची झाली. घराजवळच्या एका सकाळच्या वर्गाला महिन्याचे ७०० रुपये भरून नाव घातलं. तिथे पहिल्याच आठवड्यात जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका आणि लगेच श्वास कोंडून धरणं. चौथ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी होताहेत असं वाटलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. "शरीर शुद्ध होतंय" असं सांगण्यात आलं. डॉक्टरांनी मात्र कारण नीट समजावलं. गरजेपेक्षा जास्त आणि वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मग भोवळ येते, मुंग्या येतात. आधीच घाबरलेल्या माणसाला हे नको, आणि माझ्यासारख्या बीपी असलेल्याने श्वास कोंडायच्या भानगडीत पडू नये. मी वर्ग सोडला. हा राग मनात अजून आहे, कारण त्यापायी मी सगळाच नाद सोडून देणार होते.

मार्ग सापडला तो आमच्या भजनी मंडळातल्या काकांमुळे. ऐंशीच्या घरातले काका, तरुणपणी जुम्मादादा व्यायामशाळेत जाणारे. मी पेटी वाजवते हे त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "सूनबाई, भाता कसा सोडतेस? एकदम सोडलास तर सूर फाटतो ना? श्वास तसाच सोड. घेण्याची काळजी करू नकोस, तो आपला येतो." मग त्यांनी समोर बसवून शिकवलं. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, आणि मध्ये कुठेही अडवायचं नाही. हात पोटावर ठेवायचा, खांदे उचलायचे नाहीत. दहा सेकंदांचा एक श्वास म्हणजे मिनिटाला सहा. एरवी मोठ्या माणसाचे बसल्या जागी साधारण १२ ते २० होतात.

पहिले पंधरा दिवस सहा मोजणं जमतच नव्हतं, चारलाच संपायचं. मी तीन-चारवर आले आणि महिन्याभराने सहावर गेले. मोजायला मोबाइलवर एक टिकटिक वाजवणारं अ‍ॅप घेतलं होतं, ते काढून टाकलं. त्याच्या मागे धावताना दम लागायचा. आता मनातल्या मनात ताल धरते.

मला उलटतपासणीची सवय आहे. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता. बसण्याआधी बोटाला लावला: ऑक्सिजन ९७, नाडी ८८. दहा मिनिटांनी ऑक्सिजन ९७ च, नाडी ७६. हा प्रयोग मी पुष्कळदा केला. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, गोष्ट तीच राहते. खोल श्वासाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो असं जे घरोघर सांगतात, ते धडधाकट माणसाच्या बाबतीत फारसं खरं नाही. त्याचं रक्त आधीच ९५ च्या वर भरलेलं असतं. बदलते ती हृदयाची चाल. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, आणि मंदावण्याचं काम व्हेगस नावाची मेंदूकडून निघणारी लांब नस करते. सोडणं लांबवलं की तिला जास्त वेळ मिळतो. नाडीचा आकडा डोळ्यांसमोर चढता-उतरताना पाहिला तेव्हा मला भरून आलं. इतके महिने जे हृदय माझं ऐकतच नव्हतं, त्याला एक दोरी होती तर!

काकांना हे सांगितलं तर त्यांनी स्वामी कुवलयानंदांचा विषय काढला. ते मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, आपल्या डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे जुम्मादादा व्यायामशाळेतच शिकले. नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडून योग घेतला, आणि मग तो खरा-खोटा तपासायला १९२० च्या सुमारास बडोदा संस्थानच्या दवाखान्यात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे प्रयोग केले. लोणावळ्याची कैवल्यधाम ही त्यांची योगसंस्था त्यानंतर, १९२४ मध्ये. शंभर वर्षांपूर्वी याच गावात कुणी बोटाला यंत्र लावण्यासारखंच काहीतरी करत होतं, हे ऐकून मला फार आपलं वाटलं.

आता सासूबाईंविषयी. पुराच्या त्या रात्री आम्ही सगळे गच्चीच्या जिन्यावर टॉर्च घेऊन पायऱ्या मोजत होतो आणि त्या मासींच्या खाटेवर माळ ओढत "रामकृष्ण हरी" म्हणत बसल्या होत्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. यंदा वाचनात आलं की २००१ साली इटलीतले डॉक्टर लुचिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणताना आणि "ॐ मणि पद्मे हूम" जपताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. मी घड्याळ घेऊन सासूबाईंशेजारी बसले. त्यांना सांगितलं नाही. जप चालू असताना मिनिटाला सात. संध्याकाळी त्यांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "आज काय गं?" मी सांगू शकले नाही.

फरक काय पडला? झोप चौथ्या महिन्यापासून सुधारली. तीनची जाग आता आठवड्यातून एखाद्या वेळी येते, आणि आली तर उंबऱ्याकडे न जाता आडव्यानेच वीस श्वास सोडते. बहुतेक वेळा पंधराच्या आत डोळा लागतो. बीपी सध्या १३० / ८४ च्या आसपास असतं. पण गोळी चालूच आहे, रोज कमाटीबागेत चालते, लोणचं-पापड बंद आहे, म्हणून यातलं श्रेय श्वासाला किती ते मी ठरवू शकत नाही. कुणीही हे वाचून आपली गोळी सोडू नये. अगदी हात जोडून सांगते.

चिडचिडीचं म्हणाल तर जुलैतला प्रसंग सांगते. मुलगा पाण्याची मोटर बंद करायला विसरला. रात्री टाकी भरून पाणी ओट्यावरून खोलीत आलं. पायाला ओलं लागलं आणि माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. आधीची मी त्याला नाही नाही ते बोलले असते. त्या दिवशी दाराला टेकून तीन लांब श्वास सोडले, मग म्हणाले, "बाळा, मोटर बंद कर आणि फडकं आण." आम्ही दोघांनी मिळून पुसलं. पुसताना तोच म्हणाला, "आई, तुला पूर आठवला ना?" वर्षभरात पहिल्यांदा आम्ही त्या दिवसांवर बोललो.

रात्री झोपण्याआधी पाच वेळा भ्रामरीही करते, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासापेक्षा सुमारे पंधरापट वाढतो. माझी सर्दी त्याने बरी झाली असं म्हणणार नाही, पण गुंजारवाने कपाळ हलकं होतं, तेवढ्यासाठी करते.

एका ठिकाणी मात्र हे पुरत नाही. ओल्या गाळाचा वास आला की सगळं मोजणं विसरायला होतं. यंदा नाल्याची सफाई चालू होती तेव्हा मला रस्ता बदलावा लागला. त्यासाठी गेल्या महिन्यापासून समुपदेशकांकडे जाते आहे, दर गुरुवारी साडेचारला. पहिल्या दिवशी रिक्षात सिग्नलपाशी थांबले असताना पोटावर हात ठेवला. चार आत, सहा बाहेर. तेवढ्या बळावर जिना चढून आत गेले.